ऑफिसचा राग घरच्यांवर निघू नये म्हणून तुम्ही काय करता?

तुम्ही लिहिलंय की दिवसभर ऑफिसात सगळं मुकाट्यानं ऐकून घ्यावं लागतं आणि घरी आल्यावर दारातल्या वेड्यावाकड्या चपला बघूनच तोल जातो, मुलांवर आवाज चढतो, आणि मग रात्री झोप येत नाही. बाकीचे लोक यावर काय करतात, असं विचारलंय. मी यातून गेलोय, अजूनही अधूनमधून जातो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी एका सरकारी बँकेत कॅशिअर आहे, २००९ पासून. गाव कोरेगाव तालुक्यातलं, शाखा शेजारच्या तालुक्यात. घरी आई, बायको आणि सातवीतली मुलगी. बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, तीही दमूनच घरी येते.

कॅशिअरचं काम म्हणजे नोटा मोजणं, असं लोकांना वाटतं. मोजणं हा सगळ्यात सोपा भाग. शंभर नोटांची गड्डी, दहा गड्ड्यांचं बंडल, मशीनमध्ये घातलं की आकडा समोर. पण मशीनला कोऱ्या करकरीत नोटा लागतात आणि आमच्याकडे येणारी नोट चोळीतून, तंबाखूच्या पिशवीतून, धान्याच्या डब्यातून आलेली असते. चार घड्या घातलेली. पावसाळ्यात ती ओलसर असते, दुसरीला चिकटते, आणि मशीन दोन नोटांना एक धरतं नाहीतर मध्येच अडकून बसतं. मग हातानेच मोजायचं. हातात आल्याबरोबर वासावरून कळतं की ही नोट हळदीच्या घरातली, ही दुधाच्या डेअरीवरची, ही कुणीतरी कापराच्या डबीशेजारी ठेवलेली. हे मला मनापासून आवडतं. म्हणजे काम नावडतं म्हणून राग येतो, असं माझ्या बाबतीत नव्हतं. ते आधी सांगायला हवं, कारण बरेच जण पहिला सल्ला नोकरी बदलायचा देतात.

पहिल्यांदा मी घरात नको तसा वागलो तो दिवस २०१८ मधला. बाजारचा दिवस होता, रांग दरवाज्याबाहेर. संध्याकाळी कॅश जुळेना. साडेचार हजार कमी. पाचशेच्या नऊ नोटा कुणाला तरी जास्त गेल्या होत्या. सगळ्या स्लिपा पुन्हा तपासल्या, मॅनेजरने तपासल्या, सीसीटीव्ही बघितला, काही सापडलं नाही. कॅश जास्त आली तर ती वेगळ्या खात्यात जमा करून ठेवतात, कुणी मागायला आला तर परत देतात. कमी पडली तर कॅशिअरने भरायची. मी भरली. घरी पोचलो तेव्हा आठ वाजून गेले होते. मुलगी तेव्हा पाच वर्षांची. तिने फरशीवर रंगाचं पाणी सांडलं होतं आणि ती तेच ब्रशने पसरवून त्याचा मासा करत होती. मी इतक्या जोरात ओरडलो की आई आतून धावत आली. मुलीने ओला ब्रश तसाच डबीत ठेवला आणि झाकण लावलं. पुढे महिनाभर तिने ती डबी उघडली नाही. साडेचार हजार मी केव्हाच विसरलो असतो, त्या डबीमुळे ते लक्षात राहिले.

यावर मी नेहमीचे उपाय करून बघितले. घरी जायच्या आधी वाटेत थांबून चहा घेतला, फोन बंद ठेवला, गाडीवर मोठ्याने गाणी ऐकली. ‘बँक उंबऱ्याबाहेर ठेवायची’ असं ठरवलं. चार दिवस जमायचं. पाचव्या दिवशी डाळीत मीठ कमी पडायचं आणि सगळी बँक उंबरा ओलांडून आत यायची.

एक गोष्ट मात्र मला बरेच दिवस कोडं होऊन बसली होती. नोटाबंदीच्या वेळी असं झालं नव्हतं. ८ नोव्हेंबर २०१६ ला रात्री घोषणा झाली, ९ ला बँका बंद होत्या आणि १० पासून जे सुरू झालं ते ३० डिसेंबरपर्यंत. रात्री अकराला घरी यायचो. जेवताना हाताला नोटांची धूळ वाटायची, कितीही धुतले तरी. लोक चिडलेले, आमच्याकडे द्यायला नोटा नाहीत, रोज शिव्या. तरी त्या पन्नास दिवसांत मी घरात एकदाही आवाज चढवला नाही. आईलाही याचं नवल वाटलं होतं. इतक्या मोठ्या त्रासात शांत राहिलेला माणूस नऊ नोटांसाठी लेकरावर ओरडतो, हे कसं?

याचं उत्तर मला २०२४ च्या शेवटी मिळालं.

त्या वर्षी जुलैत लाडकी बहीण योजना सुरू झाली आणि ऑगस्टच्या मध्यावर पहिले तीन हजार, म्हणजे दोन महिन्यांचे दीड-दीड हजार, खात्यांत यायला लागले. शाखेबाहेर सकाळी आठपासून बायका बसायच्या. निम्म्या बायकांचा प्रश्न एकच: शेजारणीचे आले, माझे का नाहीत? आणि त्याचं उत्तर बहुतेक वेळा एकच असायचं, ते इथेही लिहितो, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. सरकारी योजनेचे पैसे आधार क्रमांकावरून येतात. तुमची चार बँकांत खाती असतील आणि चारही ठिकाणी आधारची झेरॉक्स दिलेली असेल, तरी पैसे जाणार एकाच खात्यात, ज्या बँकेत आधार सगळ्यात शेवटी ‘सीड’ झालंय, म्हणजे सरकारी पैसे घेण्यासाठी खात्याला जोडलं गेलंय, तिथे. पासबुकावर आधार नंबर छापलेला असला म्हणजे सीडिंग झालं असं नाही. कितीतरी बायकांचे पैसे २०१४ नंतर जनधन म्हणून उघडलेल्या आणि विसरून गेलेल्या खात्यात पडले होते. हे मी दिवसाला शंभर वेळा सांगत होतो. पन्नासाव्या वेळेपर्यंत नीट. नंतर सूर बदलायचा.

आमच्या शाखेत माणसं कमी, त्यामुळे अंगठ्याचं यंत्रही माझ्याच काउंटरवर. केवायसी, आधारची खातरजमा, सगळं तिथेच. एक आजी आल्या होत्या, सत्तरीच्या पुढच्या, श्रावणबाळ योजनेच्या पैशांसाठी. केवायसी नव्याने करायची होती. अंगठा लागेना. दुसरं बोट, तिसरं बोट, काहीच लागेना. मागे तीस माणसं, वर नेट जातंय-येतंय. मी मोठ्याने म्हणालो, “आजी, बोट स्वच्छ पुसून नीट ठेवा म्हणतोय ना!” त्यांनी पदराला बोट पुसलं, उजेडाकडे धरून बघितलं आणि पुन्हा ठेवलं. लागलं नाही. मी त्यांना पुढच्या आठवड्यात यायला सांगितलं. त्या काही न बोलता गेल्या. त्या दिवशीही घरी कशावरून तरी वाजलं, कशावरून ते आठवत नाही.

मग नोव्हेंबर आला. वडील रेल्वेत गँगमन होते, पुणे-मिरज लाइनवर. ते गेल्यापासून आईला कौटुंबिक निवृत्तिवेतन मिळतं आणि दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो हल्ली घरबसल्या देता येतो, जीवन प्रमाण म्हणतात, २०१४ पासून सोय आहे. गावातल्या सेवा केंद्राचा मुलगा यंत्र घेऊन घरी आला. मी शेजारी बसलो होतो. आईचा अंगठा लागेना. दोनदा, तीनदा. आणि माझ्या तोंडून जसंच्या तसं बाहेर पडलं, “आई, बोट स्वच्छ पुसून नीट ठेव ना.”

आई उठली. काही बोलली नाही. मोरीत गेली. बराच वेळ पाण्याचा आवाज येत राहिला म्हणून मी बघायला गेलो, तर ती कपड्याचा साबण लावून अंगठा वज्रीने घासत होती. टाच घासायची वज्री. अंगठा लाल झाला होता. बाहेर येऊन तिने तो यंत्रावर ठेवला आणि त्या मुलाला विचारलं, “आता तरी निघाला का मळ?”

अंगठा लागला नाहीच.

मी तिथे बसून राहिलो. कितीतरी वर्षं मी बायकांना ‘बोट स्वच्छ पुसा’ म्हणत होतो. मला म्हणायचं होतं की यंत्राच्या काचेला ओल किंवा धूळ चालत नाही. त्या ऐकत होत्या की तुमचे हात घाण आहेत. चारचौघांत, रांगेसमोर, पँट-शर्टातला माणूस त्यांना सांगत होता की तुमचे हात घाण आहेत. त्या आजींनी बोट उजेडाकडे का धरलं होतं, ते मला तेव्हा कळलं. त्या मळ शोधत होत्या.

आईच्या हातावर मळ नव्हता. रेषाच नव्हत्या. चाळीस वर्षं कांद्याची लागण, घेवड्याची तोडणी, आल्याची काढणी, राखेने भांडी, चुलीवरच्या भाकरी. बोटावरच्या रेषा कातडीच्या आतल्या थरातून आलेल्या असतात, वरचा थर झिजला तरी हाताला विसावा मिळाला की त्या थोड्याफार परत उठतात. पण म्हातारपणी कातडी पातळ आणि कोरडी होते आणि यंत्राला दिसण्याइतकी रेष राहत नाही. साबणाने आणि वज्रीने घासल्यावर तर उरलेलीही जाते. म्हणजे माझं ऐकून ज्या बायका घरी जाऊन हात घासून आल्या असतील, त्यांचं काम मी आणखी अवघड करून ठेवलं होतं.

दाखला त्या दिवशी चेहऱ्यावरून झाला. मोबाइलवरून चेहरा दाखवून दाखला देण्याची सोय २०२१ पासून आहे. कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करायची असते. आईने विचारलं, “कितींदा मिटू?” आणि एकदाच मिटल्यावर झालं, तर तिला खरंच वाटेना.

नोटाबंदीचं कोडंही मला त्याच रात्री सुटलं. तेव्हा त्रास मोठा होता, पण मी आणि रांगेतली माणसं एकाच बाजूला होतो. नोटा कुणाकडेच नव्हत्या. एका म्हाताऱ्याने तर रांगेतूनच आमच्यासाठी भाजलेल्या शेंगा आत पाठवल्या होत्या. नंतरच्या वर्षांत मी हळूहळू यंत्राच्या बाजूला जाऊन उभा राहिलो. अंगठा लागत नाही, सर्व्हर बंद आहे, तुमची सही जुळत नाही: दोष यंत्राचा, वाक्य मात्र असं की चूक समोरच्याची वाटावी. दिवसभर अशी वाक्यं बोलून माणूस संध्याकाळी घरी आला की तोच सूर पुढे चालू राहतो. मी घरी राग घेऊन येत होतो असं मला वाटायचं. मी सूर घेऊन येत होतो. डाळीत मीठ कमी आहे हे मी ‘तुमची सही जुळत नाही’ याच आवाजात सांगत होतो.

त्यामुळे तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर जरा उलटं आहे. ऑफिस घरी येऊ नये म्हणून जे काही करायचं ते मला ऑफिसातच करावं लागलं.

पहिली गोष्ट, ते वाक्य टाकलं. आता म्हणतो, “मावशी, या मशीनला तुमचं बोट दिसेना झालंय. थांबा, दुसऱ्याने बघू.” बघा, फरक चार शब्दांचा आहे. पण समोरच्या बाईच्या खांद्यांत तो लगेच दिसतो. काउंटरवर एक ओलसर रुमाल ठेवलाय. बोट कोरडं असेल तर त्यावर टेकवून, जरा चोळून ठेवलं की पुष्कळदा लागतं. दहाही बोटं करून बघायची, करंगळीशेजारचं बोट कामात कमी झिजलेलं असतं, ते बऱ्याच वेळा निघतं. रात्री खोबरेल लावून झोपायला सांगतो, सकाळी येताना मात्र पुसून यायचं. आणि काहीच नाही जमलं तर आधार केंद्रावर जाऊन बोटं आणि डोळे नव्याने नोंदवून घ्या, सोबत मोबाइल नंबर जोडून घ्या, म्हणजे ओटीपीवर काम होईल, असं कागदावर लिहून देतो. तोंडी सांगितलेलं घरी पोचेपर्यंत राहत नाही.

त्या आजी पुढच्या आठवड्यात आल्या नव्हत्या. डिसेंबरात आल्या. त्यांना आत बोलावून खुर्चीवर बसवलं. डाव्या हाताच्या तिसऱ्या बोटाने काम झालं. मी त्यांना सांगितलं, “आजी, त्या दिवशी मी बोललो ते चुकीचं होतं. तुमचे हात स्वच्छच होते.” त्या म्हणाल्या, “आरं बाळा, एवढं काय त्यात.” मग जाताना पुन्हा वळून म्हणाल्या, “मी लई धुतलं हुतं रं.”

हे सगळं करायला वेळ कुठून येतो, असं तुम्ही विचाराल. खरं सांगतो, वेळ कमीच लागतो. ओरडून पाच वेळा अंगठा ठेवायला लावण्यापेक्षा शांतपणे तीन बोटं बघणं लवकर होतं.

आणखी एक. फाटक्या नोटा घेऊन येणाऱ्या लोकांनाही मी पूर्वी हाताच्या इशाऱ्याने परत पाठवायचो. एकदा एक बाई वाळवी लागलेल्या पाचशेच्या अकरा नोटा पोळपाटावर ठेवून, वर फडकं झाकून घेऊन आल्या. हलवल्या तर तुकडे पडतील म्हणून. रिझर्व्ह बँकेचा नियम साधा आहे: पन्नास आणि त्यावरच्या नोटेचा सलग मोठा तुकडा ऐंशी टक्क्यांहून जास्त उरला असेल तर पूर्ण पैसे, चाळीस ते ऐंशी टक्के असेल तर निम्मे, त्याखाली काही नाही. मी जेवणाच्या सुट्टीत चौकटीचा कागद घेऊन एकेक नोट मोजली. सात पूर्ण, तीन निम्म्या, एक गेली. चार हजार दोनशे पन्नास. त्या बाईंनी पोळपाट तिथेच पाण्याने पुसला आणि पिशवीत घालून नेला. त्या संध्याकाळी मी घरी जाऊन मुलीला हे सांगितलं, आणि तिने वहीच्या पानाला कात्रीने कोपरे कापून विचारलं, “बाबा, याचे किती मिळतील?” दोघं तासभर तेच खेळत होतो.

आता घरचं. आमच्याकडे नळाला एक दिवसाआड, संध्याकाळी सातला पाणी येतं. ते भरायचं काम मी मागून घेतलंय. आधी बायको भरायची. पाणी भरताना घाई करता येत नाही, नळ आपल्याच गतीने चालतो. हंडा भरत आला की पाण्याचा आवाज चढत जातो, न बघताही कळतं की आता चार बोटं राहिली. पिंपाचा आवाज वेगळा, कळशीचा वेगळा, स्टीलच्या पातेल्याचा तर अगदीच वेगळा. दिवसभर टोकन नंबर ऐकलेल्या कानांना हे ऐकायला बरं वाटतं. अर्ध्या तासाने मी आत जातो तेव्हा बोलायला माणसात आलेला असतो.

आणि बायकोने सुचवलेली एक गोष्ट. खरोखर वाईट दिवस असेल तर तो दारातच एका वाक्यात सांगून टाकायचा. “आज कॅश शॉर्ट आहे.” “आज वरून फोन आला होता.” बस्स, एवढंच. कारण कळलं की घरातली माणसं आपापली समजून घेतात, न सांगता तोंड पाडून बसलो की प्रत्येकाला वाटतं, माझंच काहीतरी चुकलं. लहान मुलांना तर हमखास तसंच वाटतं. मुलगी आता स्वतःहून दार उघडताना विचारते, “जुळली का?” जुळली असेल तर मान हलवतो. नसेल तर ती आत जाऊन आजीला सांगते आणि त्या दिवशी कुणी मला काही विचारत नाही, गरम भाकरी मात्र आधी माझ्या ताटात पडते.

मार्चअखेर अजूनही कठीण जाते. गेल्या ३१ मार्चला मी रात्री साडेदहाला आलो आणि टीव्हीच्या आवाजावरून आईला तोडून बोललो. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्याजवळ बसून माफी मागितली. ती भाकरी थापत होती, थापतच राहिली. म्हणाली, “रातच्याला तुझा आवाज त्या बँकेतल्यावानी झाला हुता.” मी तिला बँकेतल्या आवाजाबद्दल कधी काही सांगितलं नव्हतं. ती महिन्याला पेन्शन काढायला तिच्या बँकेत जाते, तिथे तिने तो ऐकलाय.

तुम्ही काय काम करता ते प्रश्नात लिहिलेलं नाही. जमलं तर लिहा, आणि दिवसभरात समोरच्याला कोणतं वाक्य सगळ्यात जास्त वेळा बोलता तेही लिहा. माझ्या बाबतीत सुरुवात तिथून झाली.